चॅलेंजरचा नवस

परवा सकाळी ती गाडी ट्रेलरवर चढून बेसिंगस्टोकच्या रस्त्याला लागली आणि मी घरात येऊन सरळ झोपलो. दुपारी बायकोने, रिवकाने, उठवलं, जेवलो, पुन्हा झोपलो. चार वर्षांची झोप साठली होती. आता सगळं सांगायला हरकत नाही, कारण आता मी सुटलोय.

गाडी म्हणजे १९७१ची डॉज चॅलेंजर. अमेरिकन मसल कार. बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे, रुंदी अशी की लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोच्या गॅरेजमध्ये ती उभी असली की माणसाने पोट आत घेऊन जायचं. आली तेव्हा तिचा नुसता सांगाडा होता. फ्लोअर इतकं गंजलं होतं की ड्रायव्हरच्या सीटवर बसून खाली बघितलं तर गॅरेजची जमीन दिसायची.

आणि तिला दुरुस्त करणारा कोण, तर मी. झकेरिया रोहेकर, वय सदुसष्ट. हीथ्रोवर एअर फ्रेटच्या ऑफिसात एकतीस वर्षं फॉर्म भरले. जगभरचे सुटे भाग माझ्या सहीने आले नि गेले, पण हातात पाना म्हणून कधी धरला नाही. स्वयंपाकघरातला बल्ब गेला तर रिवका मला हाकसुद्धा मारत नाही, स्वतः स्टुलावर चढते. यावरून काय ते समजा.

गाडी मुळात माझी नव्हतीच. माझ्या मुलाची, नॅथॅनिएलची. तो बेसिंगस्टोकला आयटीत आहे. तिसाव्या वर्षी त्याने हौसेने ती लिलावात घेतली, फ्लॅटला जागा नाही म्हणून माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. बेसिंगस्टोकजवळ फक्त जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, त्यांना द्यायची, दीड वर्षात नवी कोरी होऊन येईल, असा त्याचा साधा, शहाण्या माणसाचा बेत होता. तीन आठवड्यांनी त्याच्या मानेत गाठ आली. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर.

तिसऱ्या केमोनंतर त्याला इन्फेक्शन झालं. ताप उतरेना, शुद्ध हरपली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना एका लहानशा खोलीत नेलं. ज्या खोलीत टेबलावर टिश्यूचं खोकं ठेवलेलं असतं, तिथे चांगली बातमी सांगायला नेत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. मी पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला कपाळ टेकून नवस बोललो.

आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज अलिबागकडे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. अडचण आली की आम्ही एलियाहू हनाबीला, म्हणजे प्रेषित एलियाहूला, नवस बोलतो आणि काम झालं की मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, ताटात फळं, चार घरची माणसं, आणि एलियाहूच्या नावाने गाणं. झालं. माझ्या आईने असे पन्नास नवस फेडले असतील.

पण मला नुसता मलिदा हलका वाटला. पोराच्या जिवापुढे पोहे? शुद्ध जाण्याआधी तो नर्सला फोनवर गाडीचे फोटो दाखवत होता, तेच डोक्यात होतं. मी म्हणालो, "एलियाहू हनाबी, माझा मुलगा घरी येऊ दे. ही गाडी मी धावती करीन. माझ्या एकट्याच्या हातांनी. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देणार नाही. ती रस्त्यावर आली की मगच तुझा मलिदा करीन." आपण होऊन धोंडा पायावर पाडून घेणं म्हणतात, ते हेच.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पाच महिन्यांनी तो घरी आला. मी त्याच आठवड्यात पान्यांचा सेट विकत घेतला.

आणि फिटेपर्यंत नवस कुणाला बोलून दाखवायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. त्यामुळे मी ताकास तूर लागू दिली नाही. रिवकाला वाटलं, रिटायर झाल्यावर पुरुषांची डोकी फिरतात तसं माझं फिरलं. दर सणाला ती विचारायची, "अहो, पोरगा मरणाच्या दारातून परत आला, आणि आपल्या घरात मलिदा नाही? लोक विचारतात मला. काय सांगू?"

"अजून नाही," मी म्हणायचो.

"अजून म्हणजे कधी?"

"बघू." आणि मी गॅरेजमध्ये जायचो. तिने पहिल्या वर्षी पोह्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं, ते शेवटी एका रविवारी तिने रागारागाने फोडणीला टाकलं. मी खाल्ले मुकाट्याने.

नॅथॅनिएल रविवारी यायचा आणि दारात उभा राहून मला समजावायचा. तो मराठी बोलतो, पण पोरगी मोठा आणि गाडी छोटा असतो त्याच्या मराठीत.

"पप्पा, वेल्डिंग हा स्किल आहे. ते लोक वीस वर्षं हेच करतात. देऊन टाकू ना गाडी त्यांना."

"ते नोकरी म्हणून करणार. मी जीव लावून करतोय."

"जीव लावून वेल्डिंग होत नाही, पप्पा."

खरं होतं ते. माझं पहिलं वेल्डिंग बघून मलाच लाज वाटली होती. पत्र्यापेक्षा भोकंच जास्त. पण मी भांडायचो. मी म्हणायचो, प्रोफेशनल लोक वर्षानुवर्षं गाडी अडकवून ठेवतात, फोन उचलत नाहीत, मूळचा माल काढून भलताच बसवतात. यातलं एकही मला अनुभवाने माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की दुसऱ्याचा हात त्या गाडीला लागला तर नवस मोडेल, आणि नवस मोडला तर ती गाठ परत येईल. दरवर्षी त्याच्या स्कॅनच्या आदल्या दिवशी मी गाडीभोवती फिरून कुणी कुठे बोट तर लावलं नाही ना, हे बघायचो. हसायचं तर हसा. मी घाबरलेलो होतो, चार वर्षं, रोज.

आमच्या समोर उदय राहतो, सदाशिव पेठेतला. तो घडीची खुर्ची घेऊन यायचा, गॅरेजच्या तोंडाशी बसायचा आणि सल्ले द्यायचा. टॉर्च धरू द्यायचो, पण गाडीला हात लावू द्यायचो नाही. एकदा तो नुसता दाराला टेकला तर मी इतक्या जोरात ओरडलो की तो चहा न पिता घरी गेला. पुण्याचा माणूस चहा सोडून उठला म्हणजे बघा.

तरी मी शिकलो, हे सांगितलंच पाहिजे. व्हिडिओ बघून शिकलो, पुस्तकं आणून शिकलो, गाडीखाली पडून पाठीची वाट लावून शिकलो. अमेरिकेतून पार्ट मागवण्यात तर माझा हात धरणारं कुणी नाही, कस्टम्सचे फॉर्म मी डोळे मिटून भरतो. सीट्सचं कव्हर मी स्वतः शिवलं, डॅशबोर्ड मी चकचकीत केला. आणि गेल्या जुलैमध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा समोरच्या घरांच्या काचा थरथरल्या आणि मी एकटाच गॅरेजमध्ये टाळ्या वाजवल्या. तो आनंद खोटा नव्हता.

राहिले ब्रेक. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून बोल्ट सैल करायचा, हवा गेली की आवळायचा. उदय म्हणाला, "मी पेडल दाबतो. हात नाही लावत तुझ्या गाडीला, पाय लावतो. चालेल?"

मला क्षणभर पटलंसुद्धा. मग वाटलं, एलियाहू हनाबीशी वकिली कशाला? मी उदयला घालवून दिलं आणि झाडूची काठी पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवून एकट्याने हवा काढली. पेडल कडक लागलं. मी खूश झालो. हँडब्रेकची केबल तेवढी राहिली होती, ती पुढच्या रविवारी.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी लागत नाही. म्हणजे दरवर्षीची सरकारी तपासणी माफ. मी ही गोष्ट देवाची कृपा समजत होतो: कुणा परक्या मेकॅनिकचा हातही लागायला नको! गाडी बरोबर आहे की नाही हे सांगणारा या जगात माझ्याशिवाय कुणीच नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सप्टेंबरचा पहिला रविवार. नॅथॅनिएल आला, गाडी सुरू असलेली बघितली आणि चार वर्षांत पहिल्यांदा लहान पोरासारखा हसला. "पहिला राइड मी घेणार, पप्पा. माझा गाडी आहे."

मी कसा नाही म्हणणार? माझ्या नवसात चालवण्याबद्दल काही नव्हतं. रिवका दारात आली. उदय समोरून त्याच्या अंगणातून बघत होता. मी ऐटीत बाजूला झालो. गाडी गुरगुरत ड्राइव्हवेवरून निघाली आणि फुटपाथपाशी थांबायला पाहिजे होती तिथे थांबली नाही.

मी त्याचा चेहरा बघितला. काचेतून सरळ दिसत होता. तो पाय दाबत होता, परत परत, आणि पेडल जमिनीला टेकलेलं होतं. गाडी रस्ता ओलांडून गेली. कचऱ्याचे तीन डबे उडाले, उदयची पुढची भिंत आडवी झाली, आणि मग इंजिन बंद पडलं. रस्त्यावर त्या वेळी दुसरी गाडी नव्हती. दोन मिनिटं आधी तिथून बस गेली होती.

मी धावलो असेन; आठवत नाही. दार मी उघडलं की उदयने, तेही आठवत नाही. नॅथॅनिएल बाहेर आला, स्वतःचे हात-पाय बघितले आणि म्हणाला, "आय अ‍ॅम ओके. पप्पा, आय अ‍ॅम ओके." मी तिथेच फुटपाथवर बसलो. ज्या पोराला वाचवायला नवस केला, त्याला मीच माझ्या एकट्याच्या हातांनी मारणार होतो. दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता!

मग मी सगळं ओकलो. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, नवस, गाडी, मलिदा, झाडूची काठी. रिवका ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची शीर मोठी होत होती.

"चार वर्षं?" ती म्हणाली. "चार वर्षं मी तुम्हाला वेडा समजले, आणि तुम्ही समजू दिलंत?" मग ती रडायला लागली, आणि रडता रडता माझ्या पाठीत एक धपाटा घातला. उदय म्हणाला, "म्हणजे तू माझ्यावर रागावलेला नव्हतास? मी उगाच तीन वर्षं विचार करतोय, आपण काय बोललो." भिंतीचं त्याने नावसुद्धा काढलं नाही. नॅथॅनिएल मात्र तासाभराने बेसिंगस्टोकला निघून गेला. मला वाटलं, रागावला. रागावण्यासारखंच होतं.

रिवकाने त्याच दिवशी जेरेमी अंकलना फोन लावला. अंकल एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, लंडनमधल्या आमच्या मूठभर लोकांत हिब्रू वाचून अर्थ सांगणारे तेवढेच. फोन स्पीकरवर होता.

"झकेरिया," ते म्हणाले, "नव्या वर्षाच्या, रोश हशानाच्या आधी दरवर्षी सिनेगॉगमध्ये उभा राहून तू काय वाचतोस?"

"आपलं ते... नेहमीचं."

"ते नेहमीचं म्हणजे नवसातून सोडवा अशी विनंती आहे, गाढवा."

माझं प्रार्थनेचं पुस्तक देवनागरीत छापलेलं आहे. हिब्रू शब्द, मराठी अक्षरं. वाचतो धडाधडा, अर्थ कळत नाही. म्हणजे चार वर्षं मी देवाला "सोडव, सोडव" म्हणत होतो आणि घरी येऊन गाडीखाली शिरत होतो.

"मग मी सुटलो आधीच?" मी विचारलं.

"नाही. ते विसरलेल्या नवसांसाठी. आठवणीतला नवस तोंडाने सांगावा लागतो, तिघांसमोर. आणि संकटात केलेला नवस सहजासहजी सोडत नाहीत. पण इथे जिवावर बेतलंय. पुढच्या रविवारी येतो. मी आणि माझा जावई. तिसरा तुझा मुलगा."

"मुलगा चालतो?"

"यात नातेवाईक चालतात."

आठवडाभर मी नॅथॅनिएलला फोन केला नाही. त्याला बोलावलं रिवकानेच. तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती, पण रविवारी अकराला तो आला. त्याच्या पत्नीला, तमारला, घरी ठेवून एकटाच आला होता.

अंकलच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत म्हणून गॅरेजमध्येच तीन खुर्च्या मांडल्या. शेजारी पुढचा भाग चेपलेली चॅलेंजर. तिघं बसले, मी समोर उभा. अंकलचा जावई एडिनबराला हॉस्पिटलात नोकरीला आहे, बिचारा वीकेंडला आला होता, मराठीचं एक अक्षर कळत नाही. अंकलनी त्याला इंग्रजीत समजावलं. रिवका स्वयंपाकघराच्या दारात.

अंकल म्हणाले, "नवस सोडवायचा म्हणजे एक दार शोधायचं. नवस करताना तुला ठाऊक नव्हतं असं काहीतरी. ते ठाऊक असतं तर नवस केला असतास का? मनापासून 'नाही' आलं की सुटलास. खोटं बोलायचं नाही. बरं. त्या दिवशी तुला ठाऊक असतं की चार वर्षांनी ब्रेक फेल होतील आणि गाडीत तुझा मुलगा असेल, तर हा नवस केला असतास?"

सोपं होतं. 'नाही' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण मला ती खोली आठवली, ते टिश्यूचं खोकं आठवलं. त्या दिवशी तो उद्याची सकाळ बघेल की नाही हे माहीत नव्हतं. चार वर्षांनी काहीही होवो, चार वर्षं तर मिळाली असती!

"केला असता," मी म्हणालो.

"अहो, नाही म्हणा ना!" रिवका दारातून ओरडली.

"रिवका, तू गप्प बस," अंकल म्हणाले. त्यांनी जावयाकडे बघितलं. तो बिचारा विचार करून इंग्रजीत म्हणाला, तुमच्या पाठीचं एवढं नुकसान होईल, बायकोशी रोज भांडण होईल, हे माहीत असतं तर? मी म्हणालो, तरी केला असता. भांडण तर नवस न करताही झालंच असतं.

अंकलनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं. मी असाच अडकून राहणार, कारण त्या कॉरिडॉरमध्ये मी काहीही कबूल केलं असतं, आणि तिथे "नाही" म्हणायला भाग पाडेल असं या जगात काही नव्हतं.

मग नॅथॅनिएल बोलला. जमिनीकडे बघत.

"पप्पा, दर वर्षी स्कॅन क्लिअर यायचा. मी फोन करायचो. तुम्ही म्हणायचा, गुड, गुड, आणि गॅरेजमध्ये जायचा. मम्मी मलिदा म्हणाली की तुम्ही बोलायचा, अजून नाही. मला वाटायचं, तुम्हाला काहीतरी माहीत आहे. डॉक्टरने तुम्हाला सांगितलंय आणि मला नाही. की ते परत येणार आहे. म्हणून तुम्ही थँक यू म्हणत नाही देवाला, टू अर्ली होईल म्हणून. तमार मुलं पाहिजे म्हणते. मी तिला चार वर्षं सांगतोय, नॉट येट. कारण पप्पापण अजून शुअर नाही."

तो वर बघून म्हणाला, "हे माहीत असता तर? मी असा विचार करत बसणार, रोज. तर तुम्ही केला असता हा नवस?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. मी गाडीच्या खाली पडून त्याचा जीव राखत होतो, असं मला वाटत होतं, आणि तो तिकडे माझ्या तोंडाकडे बघून मरणाची वाट बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "नाही रे बाळा. नसता केला. नुसता मलिदा बोललो असतो. दुसऱ्या दिवशी केला असता. सगळ्या हाउन्सलोला बोलावलं असतं."

अंकलनी मान हलवली, दोघांना खूण केली, आणि तिघं एका सुरात म्हणाले, "मुत्तार लाख." मोकळा आहेस तू. असं तीनदा म्हणायचं असतं. माझा जीव पहिल्याच वेळी भांड्यात पडला. तिसऱ्या वेळी नॅथॅनिएलला रडू फुटलं आणि शब्द अर्धाच निघाला.

"परत म्हण," अंकल त्याला म्हणाले. "पूर्ण म्हणायचं असतं."

त्याने डोळे पुसले, उठून माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पूर्ण म्हटलं.